गच्चीवर फुलपाखरं यावीत म्हणून कोणती फुलझाडं लावू? झिनिया, पेंटास लावले. येतात आणि दोन मिनिटांत निघून जातात.

जाणारच. तुम्ही खाणावळ उघडलीत. आली, जेवली, गेली. बाळंतपणाला मादी फुलावर येत नाही, पानावर येते, आणि तेही ठरलेल्या झाडाच्याच. फुलांची यादी तुम्हाला कोणताही नर्सरीवाला देईल. मी पानांचं सांगते, आणि त्यासाठी आमच्या रुईचं सांगावं लागेल.

साताऱ्याला आमच्या घरामागे कुंपणाला लागून रुई आपली आपण उगवली होती. श्रावणात तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या दिसायला लागल्या. काळे-पिवळे-पांढरे पट्टे आणि अंगावर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही अळी पानाला एकदम तोंड लावत नाही. आधी शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, मग निवांत खाते. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी तिथेच. अकरा मोजल्या होत्या.

गणपतीला थोरले दीर आले. चतुर्थीला मी उकडीत हात घालून बसलेली आणि इकडे दिरांनी माळ्यावरचा कोयता काढून रुई बुंध्यातून उडवली. म्हणे, "दारात रुई ठेवतात होय?" दारात नव्हती, घरामागे होती. पण ऐकतो कोण!

फांद्या बादलीत उभ्या केल्या, तरी दोन दिवसांत पानं मलूल. नशिबाने शनिवार आला. मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा मिळतात, त्या दोन घेतल्या. माळवाल्या आजींनी विचारलं, "साडेसाती कुणाला, मालकांना का?" मी हो म्हटलं. घरी येऊन माळा सोडवल्या, पानं पुसली आणि बुटांच्या खोक्यात अळ्यांपुढे ठेवली. सात कोषात गेल्या, त्यातली सहा फुलपाखरं उडाली. विसर्जन कधीच होऊन गेलं होतं तोवर.

अजून लग्नकार्यात भेटले की दीर चारचौघांत सांगतात, "हिने मारुतीची माळ अळ्यांना घातली." घातली. देवाला वाहिलेली नव्हती, माझ्या पैशांनी घेतलेली होती. हे मी त्यांना तीनदा सांगितलंय.

तर तुमची गच्ची. कुंडीत कढीपत्ता आणि लिंबू लावा, कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय अंडी घालायला येतील. यांच्या अळ्या लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, घाण समजून पुसू नका. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन (२०१५ साली जाहीर झालं) हेही लिंबाच्याच कुळावर वाढतं. पानफुटीवर रेड पिएरो येतो, त्याची अळी जाड पानाच्या आत शिरून पान पोखरते. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर. घाणेरी मात्र विकत आणून लावू नका. फुलपाखरं बसतात हे खरं, पण तिने रानंच्या रानं गिळली आहेत, आपण आणखी भर कशाला घालायची?

पानांना भोकं पडली की फवारा मारायचा असेल तर हा नाद सोडा आणि प्लास्टिकची फुलं लावा. कडुनिंबाचं तेलही नको, 'सेंद्रिय' म्हणून अळी त्यातून वाचत नाही. फोडणीचा कढीपत्ता बाजारातून आणायचा, झाडावरचा त्यांचा. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. विशेषतः पाहुण्यांना.

रुईबद्दल एक राहिलंच. तिचा चीक विषारी असतो. डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. घरात लहान मूल असेल तर लावू नका, आणि पानं तोडाल तेव्हा हात धुवा. तेव्हा दिरांची नात तीन वर्षांची होती, एवढ्यापुरतं त्यांचं बरोबर होतं. पण मग तसं सांगायचं. मीच फांद्या छाटून कुंपणाबाहेर वळवल्या असत्या.

मुळं जिवंत होती. दिवाळीपर्यंत गुडघ्याएवढी झाली, आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. यंदा गणपतीला दीर येणार आहेत. कोयता मी शेजारच्या काकूंकडे देऊन ठेवलाय.