दुसरीत गेला तरी चित्रांचीच पुस्तकं? काढून घेऊ का?

"मॅडम, दुसरीत गेला तरी याला चित्रांचीच पुस्तकं लागतात, अक्षरांकडे बघतच नाही, काढून ठेवू का सगळी?" हा प्रश्न माझ्याकडे शाळा सुरू झाल्यावर हमखास येतो, आणि पहिली चाचणी झाली की जरा जास्तच. त्यातली एक केस सांगते. नाव बदललंय, ओम म्हणू आपण त्याला.

नाशिकच्या इंदिरानगरचं कुटुंब, वडील अंबडला कंपनीत शिफ्टला, आई घरीच ब्लाऊज शिवते, आजी सोबत. ओम सेमी इंग्लिशला. आईची तक्रार वरचीच, शिवाय शेजारची त्याच्याच वयाची मुलगी म्हणे बिनचित्रांची जाड पुस्तकं वाचते (ही शेजारची मुलगी माझ्या प्रत्येक केसमध्ये असते, एकदा भेटायचंय मला तिला). वडिलांचा मुद्दा सरळ पैशाचा होता, 16 पानं, पानावर दोन ओळी, पाच मिनिटात संपतं, मग विकत कशाला घ्यायचं?

मी ओमला त्याचं आवडतं पुस्तक घेऊन यायला सांगितलं होतं. एका पानावर ओळ होती, "ताईने खिडकीतून पाहिलं." ओमने एका दमात वाचलं, "ताई खिडकीत उभी आहे." आई लगेच म्हणाली, बघा, चित्र बघून ठोकून देतो! खरंच होतं ते. मग मी कोऱ्या कार्डांवर त्याच पुस्तकातले शब्द लिहून दिले, चित्र नाही काही नाही. "पुस्तक" पटकन आलं, कारण तो शब्द शाळेत रोज दिसतो. "खिडकी"चं झालं "खडक". "खुर्ची"ला "खरच" म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

म्हणजे खरी अडचण कुठे होती बघा. मूळाक्षरं येत होती, पण वेलांटी, उकार, रफार आला की गाडी अडायची आणि तो चित्राचा आधार घेऊन वेळ मारून न्यायचा. चित्रं काढून घेतली असती तर वेलांटी काय आपोआप आली असती का? उलट आधी निदान पुस्तक हातात तरी घेत होता, मग तेही बंद. आणि कोण अंदाज मारतंय, कोण खरंच वाचतंय हे असं कार्डावर दोन मिनिटात कळतं, घरीसुद्धा करता येतं. कार्डावरचे शब्द नीट वाचणारं मूल चित्रात रमत असेल तर काळजीचं काहीच कारण नाही, खुशाल रमू दे.

आता त्याच पुस्तकातली दुसरी गंमत. पुढच्या पानावर ओळ होती "घरात कोणीच नव्हतं", आणि चित्रात खाटेखालून मांजराची शेपटी बाहेर आलेली. आईने ते पुस्तक कितीतरी वेळा वाचून दाखवलं होतं, तिला शेपटी कधी दिसलीच नव्हती. ओम म्हणाला, "खोटं लिहिलंय, मनी आहे ना!" आता याला कोण म्हणेल पोराला वाचन कळत नाही? लिहिलेलं एक, दिसतंय दुसरं, त्यातून गोष्ट जुळवायची, हे समजून वाचणंच आहे की. वडिलांनाही तेच पान दाखवलं. पिनांची पुस्तकं कागद दुमडून होतात म्हणून पानं चारच्या पटीत, 16 नाहीतर 24, जागा कमी, मग लेखक निम्मी गोष्ट चित्रकारावर सोडतो, पाच मिनिटात संपवलंत तर ती निम्मी गोष्ट राहूनच जाते. ते हसले, पण किमतीबद्दल त्यांचं मत काही बदललं नाही, आणि खरं सांगायचं तर तेही अगदी चूक नाहीये.

वाचायला यायला दोन गोष्टी लागतात, अक्षरं फोडून उच्चार करता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं. दोन्ही पाहिजेत, एक शून्य असेल तर दुसरी कितीही असून उपयोग नाही. ओमची दुसरी बाजू भक्कम, पहिली कच्ची. म्हणून मी दोन्ही कामं वेगळी करायला सांगितली. संध्याकाळी दहा मिनिटं फक्त कार्डं, एका आठवड्यात एकच गोष्ट, आधी पहिली-दुसरी वेलांटी, मग उकार, रफार आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. आणि रात्री चित्रांचं पुस्तक, तिथे "वाच" हा शब्दच काढायचा नाही. आधी नुसती चित्रं बघत पानं उलटायची, मग मोठ्यांनी ओळीखाली बोट फिरवत वाचायचं, जी ओळ परत परत येते तेवढी त्याने म्हणायची. तेच पुस्तक रोज मागितलं तरी कंटाळा दाखवायचा नाही. रात्रीचं काम आजींनी घेतलं, पोथी वाचायची सवय असल्यामुळे बोट आपोआप ओळीखाली फिरतं त्यांचं, फक्त चित्राशी थांबायला त्यांना शिकवावं लागलं, ते ओमने शिकवलं.

दिवाळीनंतर आले तेव्हा "खिडकी", "खुर्ची" दोन्ही बरोबर. जोडाक्षराला अजून अडतो, वेगही कमीच आहे, पण अंदाज मारणं बरंच कमी झालंय आणि चुकलं तर स्वतः मागे जाऊन परत वाचतो, हे मला वेगापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानातसुद्धा समजून वाचता येण्यासाठी तिसरीच्या शेवटापर्यंतची मुदत धरलीय, त्यामुळे दुसरीच्या जुलैत घाबरून जाऊ नका.

मात्र रोज सराव करूनही तिसरीत साध्या काना-मात्रा बसत नसतील, कालचा शब्द आज पूर्ण नवा वाटत असेल, तर थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासा, मग स्पेशल एज्युकेटरला (शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणारे प्रशिक्षित शिक्षक) दाखवा. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनातली अडचण) 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे, पण मदत सुरू करायला सर्टिफिकेटची वाट बघायची गरज नसते.

पुस्तकांचा खर्च नको असेल तर 1840 पासूनचं आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच, तिथे मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा. नाहीतर प्रथम बुक्सची स्टोरीविव्हर ही वेबसाइट, मराठीत भरपूर चित्रगोष्टी, एकदम फुकट, चार लेव्हल असतात. दुसरीच्या मुलाला सरळ लेव्हल 1 पासून द्या, लेव्हल 3 वर उडी नको. मोबाईलवर वाचणार असाल तर शेजारी बसा, आणि आपोआप वाचून दाखवणारा आवाज असेल तर तो बंद ठेवा, नाहीतर परत नुसतं ऐकणंच होतं.