भयपट बघायला सुरुवात करतोयस? मग आधी हा बघ

सुरुवात कुठून करू म्हणतोस, तर सरळ जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' लाव. १९६८चा, कृष्णधवल, खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या मंडळींनी तो आसपासच्या गावांत उरकला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय. कृष्णधवलमध्ये ते खपून जातं. म्हणून नंतर रंगवलेली आवृत्ती चुकूनही बघू नकोस.

नेटवर फुकट मिळतो म्हणून टुकार समजू नकोस. ऐनवेळी नाव बदललं आणि वितरकाकडून कॉपीराइटची ओळ पडद्यावरून गळाली, म्हणून हक्कच गेले, एवढंच. निर्मात्यांचं नुकसान झालं, पण त्यामुळेच तो जगभर पोचला (आणि भिकार प्रिंटाही पसरल्या, जीर्णोद्धार केलेलीच शोध).

उठून माणसांवर चालून येणाऱ्या मुडद्यांकडे फार लक्ष देऊ नकोस, ते नुसते चालतात. त्यांच्यापासून वाचायला घरात अडकलेल्या माणसांची भांडणं ऐक: तळघरात लपायचं की वरच थांबायचं? खरी भीती तिथे आहे. नायक ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय, पण त्याच्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्या वर्षीच्या अमेरिकेत, मार्टिन लूथर किंगच्या खुनानंतर काही महिन्यांत, हे प्रेक्षकांसमोर आलं. शेवट आधी वाचू नकोस, आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठूही नकोस; त्याखालची स्थिरचित्रं बघायचीच.

आवडला तर पुढे रोमेरोचाच १९७८चा 'डॉन ऑफ द डेड'. तो मात्र रंगीतच.