‘स्कुल्पेबात’ म्हणजे शिल्प घडवलं का?

प्रश्न असा आहे: फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या १६६४ मधल्या छापील व्यक्तिचित्रावर लॅटिनमध्ये ‘नांतय आद विवुम पिंगेबात एत स्कुल्पेबात’ अशी ओळ आहे. मग रोबेर नांतय शिल्पकार होता का? आणि हे ‘स्कुल्प’ म्हणजे आपलंच ‘शिल्प’ का?

दोन्हींचं उत्तर नाही. ‘स्कुल्पेरे’ म्हणजे कोरणे, मग ते दगडात असो, लाकडात असो की तांब्यात. इथे तांब्याचा पत्रा आहे. त्यावर टोकदार कोरणीने रेघा खोदायच्या, त्यांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. खाचांतली शाई कागदावर उतरते, पण उलटी. म्हणून राजाचं तोंड डावीकडे हवं असेल तर पत्र्यावर ते उजवीकडे कोरायचं, आणि अक्षरंही उलटी. ‘शिल्प’शी ध्वनिसाम्य आहे खरं, पण त्यावरून नातं जोडायला आधार नाही.

त्या ओळीतली खरी गंमत क्रियापदाच्या काळात आहे. अशा चित्रांवर एरवी ‘पिंक्सित’, ‘स्कुल्पसित’ (बहुधा नुसतं ‘स्कुल्प.’) दिसतं, म्हणजे ‘रंगवलं’, ‘कोरलं’. ‘पिंगेबात’, ‘स्कुल्पेबात’ हा अपूर्ण भूतकाळ: रंगवत होता, कोरत होता. मराठीत फरक आणखी ठसठशीत होतो. ‘नांतयने कोरलं’ म्हटलं की क्रियापद चित्राच्या मागे जातं, ‘नांतय कोरत होता’ म्हटलं की माणसाच्या. रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की जुने ग्रीक कलावंत मुद्दाम ‘अपेलीस करत होता’ अशी सही करत, जणू काम अजून संपलेलं नाही. मायकेलअँजेलोने ‘पिएता’वर हेच रूप कोरलं. या नम्रतेत थोडी ऐटही आहेच, असं मला वाटतं.

‘आद विवुम’ म्हणजे प्रत्यक्ष बघून. नांतयच्या बाबतीत हा दावा पटतो: तो राजाचा नेमलेला चितारी-कोरक होता, समोर बसलेल्या माणसाचं आधी पेस्टलमध्ये चित्र करायचा आणि मग पत्रा हाती घ्यायचा. पण त्या काळी हे शब्द ‘हुबेहूब’ एवढ्याच अर्थानेही सर्रास वापरत, तेव्हा प्रत्येक ठिकाणी त्यांवर विसंबू नये.

उलट उदाहरण इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या छापील व्यक्तिचित्राचं, १६०३ च्या सुमाराचं. त्यावर तीन माणसं येतात: आयझॅक ऑलिव्हर ‘एफिगियाबात’, म्हणजे आकृती काढत होता, क्रिस्पिन द पास ‘इन्सिदेबात’, म्हणजे खोदत होता, आणि तिसरा ‘प्रोकुरान्ते’, ज्याने हे घडवून आणलं तो. कोरणारा तेव्हा जर्मनीतल्या कोलोनमध्ये होता, समोर राणी नव्हती, ऑलिव्हरचं रेखाचित्र होतं.

राहता राहिला मराठी शब्द. क्रियेला ‘उत्कीर्णन’ आहे, छापाला ‘मुद्राचित्र’ चालतं. मी सरळ ‘ताम्रकोरीव चित्र’ लिहितो. ‘ताम्रपट’ मात्र नको, तो दानपत्राचा पत्रा. तो वाचायचा असतो, त्यावरची अक्षरं सुलटी. आपल्याकडे उलटी अक्षरं कोरून छापल्याचं उदाहरण हवंच असेल तर गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेत १८०५ मध्ये छापलेली भगवद्गीता घ्या. तिचे पत्रे पुण्याच्या एका तांबटाने कोरले होते.