गीझर खडखडतोय, टॉवेल कडक निघतायत

प्रश्न: नवीन घरात आल्यापासून दीड वर्षात गीझरचं एलिमेंट दोनदा गेलं. आता गीझर चालू केला की आतून खडे उकळतायत असा आवाज येतो. टॉवेल मशिनमधून कडक निघतात म्हणून फॅब्रिक कंडिशनर वाढवला तरी फरक नाही. टीडीएस मीटरवर ४८० दाखवतं. मेकॅनिक म्हणतो पाणी मऊ करणारा सॉफ्टनर लावा, शेजारी म्हणतात पाइपला चुंबक बांधा. नक्की काय करू?

उत्तर: आधी तो टीडीएस मीटर बाजूला ठेवा. पाण्यातून वीज कितपत वाहते त्यावरून तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, त्यात सोडियमपण आलं, आणि सोडियमचा काही एलिमेंटवर थर बसत नाही. तुम्हाला बघायचाय हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, शाळेत दुष्फेन पाणी शिकलो होतो ना तेच. त्याचं वेगळं किट मिळतं, छोट्या बाटलीत पाणी घ्यायचं, गुलाबीसर रंग येतो, मग थेंब मोजत टाकायचे आणि निळा झाला की थांबायचं, पाच मिनिटांचं काम आहे. लिटरला ६० मिलिग्रॅमच्या आत आलं तर पाणी मऊ, १८० च्या वर गेलं तर चांगलंच जड. समजा ३०० आलं, तर हजार लिटर पाण्यामागे ३०० ग्रॅम क्षार घरात येतायत, त्यातले सगळे गीझरमध्ये बसत नाहीत पण जे बसतात तेवढे पुरतात.

आता गीझरच का जातो आणि गार पाण्याच्या नळावर नुसते पांढरे डागच का पडतात, तर हे सगळं उष्णतेचं काम आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचं उलटं. पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधी चुनखडी, जिथे सगळ्यात गरम असेल तिथे चिकटते, आणि ती जागा म्हणजे तुमचं एलिमेंट. चुनखडीतून उष्णता नीट बाहेर पडत नाही, मग एलिमेंट आतल्या आत तापत राहतं आणि एक दिवस जळतं. तो खडखडाट बहुतेक थराखाली अडकलेली वाफ फुटते त्याचा आहे. माझ्या केटलच्या तळाशी असाच थर होता, नखाने उचकटला तर अंड्याच्या कवचासारखी खपली हातात आली, आणि तेव्हा पटलं की एवढ्या पातळ थरामागे किती वीज वाया जात असेल.

म्हणून नुसतं तिसरं एलिमेंट घालू नका, आधी टाकी उघडून साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड किती उरलाय ते बघायला सांगा, तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो आणि त्याची आठवण कुणालाच नसते. थर्मोस्टॅट ७५-८० वर असेल तर ६० च्या आसपास आणा, थर बसायचा वेग बराच कमी होतो. त्याच्या फार खाली मात्र नको, साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

केटलला, शॉवरच्या जाळीला सायट्रिक अॅसिड बेस्ट. कोमट पाण्यात एक-दोन चमचे, अर्धा तास ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की दोनदा खळखळून धुवा. पण अॅसिड आणि ब्लीच कधीही, अगदी चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, तो जिवावर बेतू शकतो.

टॉवेलचं म्हणाल तर फॅब्रिक कंडिशनरने पाणी मऊ होत नाही, तो फक्त धाग्यावर एक पातळ थर चढवतो आणि जास्त झाला तर टॉवेल पाणी टिपेनासा होतो. तो कमी करा आणि डिटर्जंटच्या पाकिटावर जड पाण्यासाठी जे वेगळं माप दिलेलं असतं ते वापरा. मशिनच्या इनलेट पाइपच्या तोंडाशी छोटी जाळी असते तीपण काढून धुवा. दर आठवड्याला व्हिनेगर ओतायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, दाराचं रबर खराब होतं.

सॉफ्टनर चालतो, पण किटचा आकडा बघूनच ठरवा. १८० च्या बराच वर असेल आणि घरात गरम पाण्याचा वापर भरपूर असेल तर मी म्हणेन घ्याच. त्यातलं रेझिन, म्हणजे बारीक मण्यांसारखा पदार्थ, कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, म्हणून त्यात ठरावीक काळाने मीठ घालावं लागतं. बसवल्यावरही टीडीएस ४८० च्या आसपासच दिसेल, तेव्हा फसवलं असं वाटून घेऊ नका. कुणाला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं असेल तर पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवा. चुंबकाचा भरवशाचा पुरावा नाही, मी त्यावर पैसे घालणार नाही.

प्रश्न: मग हे पाणी पिऊन किडनी स्टोन होतो का? घरात सगळे घाबरलेत.

उत्तर: घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने हार्डनेससाठी आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा घातलेली नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही शरीराला लागतात. पाणी कमी पिणं हे स्टोनचं त्याहून कितीतरी पक्कं कारण आहे, त्यामुळे चव आवडत नाही म्हणून घरात कुणी कमी पीत असेल तर आधी तिकडे लक्ष द्या. आणि कुणाला आधी स्टोन होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.