एको ठीक असताना किडनीच्या रिपोर्टवरून हृदयाची काळजी का करायची?

वडिलांचा टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक आहे, पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनी साफ करते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ, वाढलंय, म्हणून तुम्ही विचारताय. काळजी घ्याच. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयरोगाचा अभ्यास चालू आहे. तिथल्या हजारेक वृद्धांवरचा २०११ चा निष्कर्ष असा: हृदयाचं आकुंचन-प्रसरण बिघडलं की हार्ट फेल्युअरचा (हृदय शरीराच्या गरजेइतकं रक्त पंप करू न शकण्याचा) धोका वाढतोच; पण तो हिशेब बाजूला काढला तरी वाढलेलं क्रिएटिनिन, कमी हिमोग्लोबिन आणि फुप्फुसांतल्या हवेच्या वाटेतला अडथळा यांच्यामुळे धोका वाढलेला दिसतोच. किडनी मंदावली की अंगात मीठ-पाणी साठतं, रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पंप करावं लागतं. म्हणून सगळे रिपोर्ट एकाच डॉक्टरांना एकत्र दाखवा. पायांवर सूज किंवा आडवं झाल्यावर धाप लागली तर थांबू नका.