आजीच्या दूर्वा आणि आपलं लॉन

प्रिय सई,

घोळणा फुटला की आजी दूर्वांचा रस नाकात घालायला सांगते, तर इथे डॅलसला आपल्या लॉनमधलं बर्म्युडा गवत चालेल का, असं तू विचारलंस.

गवत तेच. गावाकडे शेतात त्यालाच हरळी म्हणतात. आयुर्वेदात दूर्वा थंड मानतात आणि रक्तपित्तावर, म्हणजे नाकातून वगैरे रक्त येतं त्यावर देतात. अनलासुराला गिळून गणपतीच्या अंगाचा दाह झाला, तो दूर्वांनीच शमला. तिथेही हाच थंडावा.

पण लॉनमध्ये क्रॅबग्रास नावाचं तणही असतं. तुऱ्याला दोघांनाही बोटं फुटतात, म्हणून फसायला होतं. पान खोडापासून जरा ओढून सांधा बघ. दूर्वेला तिथे पांढऱ्या केसांची बारीक कडा असते, क्रॅबग्रासला पातळ पापुद्रा. क्रॅबग्रासचं पानही रुंद.

शिवाय आपल्या लॉनवर तणनाशक मारतात. काही तणनाशकं पानाच्या आत शिरतात, ती धुऊन जात नाहीत. त्यामुळे तिथलं गवत पोटात घ्यायचं नाही. देवालाही नकोच, कारण तोडून बोटं तोंडात जातात.

आता नाकाचं. गाळलेल्या कच्च्या रसातही माती, जंतू राहतात, म्हणून तो नाकात घालायचा नाही. ताठ बस, किंचित पुढे वाक, नाकाचा मऊ भाग चिमटीत धर आणि 10 ते 15 मिनिटं तोंडाने श्वास घे. मध्येच सोडून बघितलंस की धरलेली गुठळी सुटते. मान मागे टाकलीस तर रक्त पोटात जाऊन उलटी होते. अर्ध्या तासात थांबलं नाही तर सरळ डॉक्टर. हिवाळ्यात हीटरने नाक कोरडं पडतं, तेव्हा सलाईनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा, नाकाचा फवारा मारत जा.

रस प्यायचा तर मोठ्यांनी. मूठभर कोवळ्या दूर्वा तीन पाण्यांनी धुऊन, चमचाभर पाणी घालून वाटायच्या आणि फडक्यातून पिळायच्या. 5 ते 10 मिली पुरे, तोही ताजाच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत याने रक्तातली साखर उतरलेली दिसली आहे, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. या गवताच्या परागांनी ज्यांना शिंका येतात त्यांनी लांबच राहावं.

गणपतीसाठी कुंडीत लाव. दोन-तीन पेरांचा तुकडा, भरपूर ऊन, फवारणी नाही. वाफ्यात मात्र लावू नकोस, हरळी एकदा पसरली की निघत नाही.

तुझी आई