छातीत दुखतंय आणि कोरोनाचा रिपोर्ट यायचाय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एप्रिल 2021 मध्ये सासऱ्यांना रात्री छातीत दुखू लागलं, धाप लागली. एका रुग्णालयाने ‘आधी आरटीपीसीआर आणा’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसरीकडे घेतलं, पण चार तास गेले. पुन्हा अशी साथ आली तर दारात काय सांगायचं? — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ‘टेस्टचं नंतर बघू, आधी ईसीजी काढा.’ रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा आणि त्याला कोणताही रिपोर्ट लागत नाही. टेस्ट झाली नाही म्हणून तातडीची कोणतीही प्रक्रिया लांबवू नये, हे आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मे 2020 च्या चाचणी-धोरणातच लिहिलं होतं. जीव वाचवणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हा सुप्रीम कोर्टाचा परमानंद कटारा निकाल तर 1989 चा. पण रात्री दोन वाजता गार्डला निकाल ऐकवून काही होत नाही. ड्यूटी डॉक्टरांना बाहेर बोलवा आणि घेत नसाल तर वेळ घालून तसं लेखी द्या म्हणा. ‘लेखी द्या’ म्हटल्यावर ईसीजीचं मशीन पुष्कळदा आपणहून बाहेर येतं.

तुमच्या सासऱ्यांना धाप लागली होती, खरी अडचण तिथे होते. 2020 मध्ये इंदुरात रुग्णालयांची ग्रीन (कोरोना नसलेले), यलो (संशयित), रेड (पॉझिटिव्ह) अशी वाटणी झाली. धाप लागली की रुग्ण संशयित ठरून यलोमध्ये जायचा. मोठ्या अटॅकमध्ये हृदयाचा जोर कमी पडला की फुप्फुसांत पाणी भरतं. ऑक्सिजन 85 वर येतो, एक्स-रेवर फुप्फुसं पांढुरकी दिसतात. साथीत हे चित्र पाहिलं की ‘कोरोनाच’ म्हणून मोकळे होतात. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, त्यावरही भिस्त ठेवता येत नाही, ते कोरोनातही वाढतं. म्हणून ईसीजीबरोबर पलंगापाशीच इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, असा आग्रह धरा. हृदयाची एखादी भिंत हलत नसेल तर ते दोन मिनिटांत दिसतं.

टेस्ट उपचाराच्या बरोबरीने चालू राहते. रॅपिड अँटिजेन 15 ते 30 मिनिटांत कळते, ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या छोट्या मशीनवरच्या चाचण्या साधारण एक-दोन तासांत. आरटीपीसीआरला मशीनवर काही तासच लागतात, दिवस जातो तो नमुन्यांच्या रांगेत. तोवर रुग्ण पॉझिटिव्ह आहे असं धरून टीम पीपीई घालते. निघतानाच फोन केलात आणि ईसीजीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात, तर हा वेळ रुग्ण रस्त्यात असतानाच भरून निघतो.

प्रश्न : आम्ही धारला राहतो. साथीच्या काळात अँजिओप्लास्टी टाळून नुसतं इंजेक्शन देतात असं ऐकलं. मग आईला थेट इंदूरलाच आणलेलं बरं नाही का? — एक वाचिका, धार

उत्तर : हे ऐकीव अर्धंच खरं. मोठ्या अटॅकमध्ये पहिल्या तपासणीपासून 120 मिनिटांत धमनी फुग्याने उघडता येणार असेल तर अँजिओप्लास्टीच सरस. पण धारहून रस्त्यालाच तास-दीड तास, वर दारातली तपासणी, पीपीई, अँजिओप्लास्टीची खोली (कॅथलॅब) रिकामी होणं. एवढ्यात 120 मिनिटं कुठेच उरत नाहीत. तेव्हा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन गावातच, पोचल्यापासून 30 मिनिटांत देणं हाच योग्य उपचार. यातलं टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकाच वेळी देतात. स्ट्रेप्टोकायनेज 15 लाख युनिट, 30 ते 60 मिनिटांत सलाइनमधून. दुखणं सुरू झाल्यापासून 12 तासांपर्यंत चालतं, पण खरा गुण पहिल्या तीन तासांत.

चूक होते ती इथून पुढे. दुखणं थांबलं की घरचे ‘बरं वाटतंय, कशाला कोरोनाच्या गर्दीत’ म्हणून थांबतात. इंजेक्शननंतर 60 ते 90 मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा. वर उचललेली रेघ निम्म्यानेही खाली आली नसेल तर धमनी बंदच आहे आणि अँजिओप्लास्टी लगेच लागते. उतरली असली तरी 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी हवी. म्हणून इंजेक्शन सुरू होताच 108 ला सांगून गाडी मागवून ठेवा.

मेंदूत पूर्वी कधी रक्तस्राव झाला असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल, तर हे इंजेक्शन चालत नाही. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर अ‍ॅस्पिरिन 300 मिलिग्रॅम चावून घ्यायला द्या. सॉर्बिट्रेट मात्र शेजारच्या काकूंनी दिली म्हणून जिभेखाली ठेवू नका. बीपी आधीच खाली असेल तर रुग्ण कोसळतो.

प्रश्न : मोठ्या भावाची बायपास ‘साथ ओसरल्यावर’ म्हणून पुढे ढकलली होती. कोणतं ऑपरेशन थांबू शकतं आणि कोणतं नाही? — एक वाचक, देवास

उत्तर : चालल्यावर दुखतं, बसल्यावर थांबतं आणि औषधांनी आटोक्यात आहे, अशी बायपास थांबू शकते. रुग्ण पॉझिटिव्ह आला असेल तर थांबलेलीच बरी; 2021 मध्ये साधारण सात आठवडे थांबायचा सल्ला होता. हार्ट-लंग मशीनमुळे फुप्फुसांना सूज येतेच. त्यात कोरोनाची सूज मिळाली की व्हेंटिलेटर सुटत नाही. मात्र बसल्याजागी दुखू लागलं किंवा डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल, तर ‘साथ ओसरल्यावर’ हे उत्तर मान्य करू नका.

महाधमनीचं अस्तर हृदयाजवळ फाटलं तर एक तासही थांबता येत नाही. पाठीत चिरत गेल्यासारखी कळ, दोन हातांच्या बीपीत फरक. सुरुवातीला दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढतो, आणि यात वर सांगितलेलं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर घातच होतो. सीटी अँजिओग्राफी करून थेट थिएटर. तसंच उशिरा आलेल्या अटॅकमध्ये पहिल्या आठवड्यात हृदयाचा पडदा फाटतो किंवा झडपेचा आधार तुटतो. भीतीने घरी थांबलेल्यांत हे साथीच्या काळात दिसलं.

कृत्रिम धातूची झडप असलेल्यांबद्दल फार कमी बोललं गेलं. लॉकडाऊनमध्ये लॅब बंद, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते पाहायची तपासणी, राहिली. रक्त पातळ ठेवणाऱ्या अ‍ॅसिट्रॉमचा डोस अंदाजाने चालला. आयएनआर खाली गेला की झडपेवर गुठळी बसते. छातीतली ‘टिक-टिक’ मंद झाली किंवा ऐकूच येईना आणि धाप वाढली, तर तो सर्दी-खोकला नव्हे, त्याच दिवशी इको.

प्रश्न : घरात काय तयार ठेवावं? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : जुना ईसीजी, इको आणि अँजिओग्राफीची सीडी. नुसत्या कागदी रिपोर्टवर सर्जन बायपासचे टाके घालायची जागा ठरवू शकत नाहीत. औषधांची यादी, आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर या गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाची शेवटची गोळी किती वाजता घेतली ते. एरवी बायपासआधी क्लोपिडोग्रेल पाच दिवस बंद ठेवतात; तातडीत तेवढा अवधी नसतो, म्हणून रक्त थांबवायला प्लेटलेट्स मागवून ठेवतात. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात आणि लॉकडाऊनमध्ये रक्तदान शिबिरंच होत नाहीत. तेव्हा नात्यातले, सोसायटीतले तीन-चार ठणठणीत रक्तदाते आधीच सांगून ठेवा.

आयुष्मान कार्डात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, हेल्पलाइन 14555. आधार आणि समग्र आयडी (मध्य प्रदेशातली कुटुंबाची ओळख) यांवरची नावं जुळतात का हे आजच पाहा, तिथली एका अक्षराची चूक मध्यरात्री काउंटरवर सुधारत नाही. रुग्णालयाने नाकारलं तर तक्रार 181 वर (मध्य प्रदेशची सीएम हेल्पलाइन) करा, पण रुग्ण आत गेल्यावर.